ऊन न येणारी खोली

हेमांगीबाई दिवाण व्हिएन्नामध्ये तीन रात्री राहून परत आल्या, तेव्हा शेगडीवरच्या कुकरची तिसरी शिटी अजून व्हायची होती.

त्यांनी डोळे उघडले. नाशिकचं तेच स्वयंपाकघर, ओट्यावर निवडून ठेवलेली मेथी, आणि समोर स्टुलावर बसलेली त्यांची मुलगी सानिका. तिने पुढे होऊन आईच्या कानांमागच्या दोन चपट्या चकत्या अलगद काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"कसं वाटलं?"

"छान." लांबच्या प्रवासानंतर बसतो तसा हेमांगीबाईंचा आवाज बसला होता. "न्याहारीला जर्दाळूचा मुरंबा होता. खिडकीच्या फळीवर सकाळचं ऊन पडलं होतं. आणि तुझे बाबा होते. निळा चौकड्यांचा शर्ट घालून कॉफी पीत बसले होते."

"मग झालं तर." सानिकाने सुटकेचा श्वास सोडला. "आता खरंच जायचा हट्ट नको."

"अगं, पण हे जायच्या आधी बघायचं ना? हॉटेल पसंत करायला बरं पडेल म्हणून तूच आणलंस."

"सगळे तसंच म्हणून आणतात, आई. एकदा पूर्ववास केला की कुणी जात नाही."

कुकरची तिसरी शिटी झाली आणि हेमांगीबाई शेगडी बंद करायला उठल्या.

पूर्ववास आता घरोघरी पोचला होता. सुरुवात साध्या गरजेतून झाली. फोटोत राजवाडा दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात कोंदट निघायचं, बाथरूममध्ये पाणी तुंबायचं, आणि परक्या देशात भांडायचं कुणाशी? तेव्हा कुणीतरी म्हणालं, पैसे भरण्याआधी तिथे राहून बघता आलं तर? चकत्या त्यातून आल्या. त्या डोळ्यांपुढे सिनेमा दाखवत नसत. मेंदूत जिथे आठवणी तयार होतात, त्या जागेला त्या हलकेच टोचत, आणि मेंदू स्वतःच खोली उभी करी. सामान त्याचंच, उणं पडेल तिथे हॉटेलचे नकाशे आणि आधीच्या लाखो पाहुण्यांच्या अनुभवांची सरासरी. म्हणून तर त्या खोलीत मुकुंदराव, सानिकाचे वारलेले बाबा, आले. त्यांना कंपनीने आणलं नव्हतं, हेमांगीबाईंच्या मनाने आणलं होतं. अर्ध्या तासात माणूस उठे तो तीन रात्रींची आठवण घेऊन. रजा वाचे, पाय दुखत नसत. मग जायचं कशाला?

हेमांगीबाईंना जायचं होतं, कारण त्या एकदा तिथे, त्याच हॉटेलात, खरंच गेल्या होत्या.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सानिका तेव्हा लहान होती. तिला आजोळी ठेवून दोघं निघाली होती. परदेशाचा तो पहिला आणि शेवटचा प्रवास. यात्रा कंपनीबरोबर जायचं नाही, सगळं आपण ठरवायचं, असा मुकुंदरावांचा बाणा. हॉटेल शहराच्या मधोमध हवं, आणि खिशाला झेपणारं हवं. या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून ते आणखीच पेटले. व्हिएन्नाचा मोठा नकाशा छापून त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि स्टेशनपासून प्रत्येक हॉटेलपर्यंत गल्लीबोळांतून शिवणाचा दोरा फिरवून अंतर मोजत होते. शेवटी 'पेन्शन फोगेल' सापडलं. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मोजक्या खोल्या. तिकडे अशा छोट्या हॉटेलांना पेन्शन म्हणतात. "नोकरीत असतानाच पेन्शनीत निघालो," असं ते बँकेत भेटेल त्याला सांगत सुटले होते.

स्वस्त खोली स्वस्त का आहे ते तिथे गेल्यावर कळलं. खिडकी रस्त्यावर उघडत नव्हती. इमारतीच्या पोटात एक उंच चौकोनी बोळ होता, उजेडाची विहीरच म्हणायची, त्यात ती उघडायची. समोर हाताच्या अंतरावर भिंत. भरदुपारी दिवा लावावा लागे.

आणि त्या खोलीत ती पिठल्याची गोष्ट घडली होती.

ही गोष्ट दिवाणांच्या घरी दर दिवाळीला फराळाबरोबर व्हायची. मुकुंदराव होते तेव्हा ते सांगायचे, गेल्यानंतर हेमांगीबाई. यंदाही भाऊबीजेला मंडळी जमली आणि त्यांचा भाऊ विद्याधर चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "हं ताई, होऊ दे तुझं व्हिएन्ना."

हेमांगीबाईंनी सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पाव खाऊन मुकुंदराव कसे कंटाळले, पिशवीतून आणलेलं डाळीचं पीठ कसं काढलं, पाणी तापवायच्या किटलीत पीठ, तिखट, हिंग आणि सढळ हाताने हळद कशी घातली. "आणि मग ती किटली ठेवली खिडकीच्या फळीवर, उन्हात..."

त्या थांबल्या.

"उन्हात काय गं?" विद्याधर म्हणाला. "तिथे ऊन यायचं नाही म्हणून तर भावोजी म्हणायचे ना, की हा डाग आपल्यामागेही राहणार?"

खरंच की. पिठलं उतू गेलं होतं, फळीवरून ओघळलं होतं, करपलेल्या वासाने धोक्याची घंटा वाजली होती. सगळे पाहुणे संध्याकाळी रस्त्यावर. एकाच्या गालाला दाढीचा साबण. मालकीणबाई तणतणत आल्या आणि साबण लावून फळी घासू लागल्या. हळदीला साबण लागला, डाग लालभडक झाला, आणि बाईंनी रक्त समजून किंकाळी फोडली. हळदीत चुना घालून कुंकू कसं करतात हे त्यांना कोण सांगणार? पाण्याने पुसल्यावर डाग पुन्हा पिवळा झाला. मग मुकुंदराव हळूच म्हणाले होते, "अगं, हळदीचा डाग उन्हात जातो. इथे ऊनच नाही. हा बेटा राहणार."

हेमांगीबाईंनी गोष्ट पूर्ण केली. सगळे हसले. पण त्या स्वतः हसल्या नाहीत. शब्द सगळे जागच्या जागी होते. डोळे मिटले की मात्र वेगळंच दिसत होतं: लख्ख उन्हातली स्वच्छ फळी, आणि शांतपणे कॉफी पिणारे मुकुंदराव. मालकीणबाईंचा चेहरा नाही, किंकाळी नाही, डाग नाही.

पाहुणे गेल्यावर त्या सानिकाला म्हणाल्या, "गोष्ट आठवते गं. दिसत नाही."

दुसऱ्याच दिवशी त्या पूर्ववास केंद्रात गेल्या. तिथला सल्लागार यशोधन तिशीचा, हसतमुख होता.

"या आजी, बसा."

"आजी म्हणायला मला नातवंडं नाहीत. हेमांगीबाई म्हणा. तुमच्या यंत्राने माझ्या खोलीत ऊन घातलंय. ते काढून द्या."

यशोधनने पडद्यावर खोली उघडली. "खिडकी पूर्वेला आहे, हेमांगीबाई. सकाळी ऊन येणारच."

"पूर्वेलाच आहे. समोर भिंत आहे, ती दिसते का तुमच्या नोंदीत?"

भिंत नोंदीत नव्हती. यशोधनने जरा वेळ शोधलं. "असं आहे, हॉटेलची सकाळ म्हटलं की बहुतेकांच्या मनात ऊन येतं. त्याची सरासरी यंत्र धरतं. त्रास कुणालाच होत नाही."

"माझी जुनी आठवण का पुसली गेली, ते सांगा."

"पुसली नाही म्हणता येणार." तो सावरून बसला. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. दर वेळी वर काढली की ती ओली होते, ओल्या सिमेंटसारखी. परत वाळेपर्यंत तिच्यावर जे उमटेल ते राहतं. पूर्ववासात तुमची जुनी खोली वर आली, ओली झाली, तेवढ्यात नवीन खोली तिच्यावर उमटली. नव्या जागी जाणाऱ्यांचं काही बिघडत नाही. तुम्ही जुन्याच जागी गेलात. करारात लिहिलंय तसं."

"बरं, मग आता?"

"आम्ही दुरुस्ती करून देऊ. मोफत." त्याचा चेहरा उजळला. "डाग केवढा होता, कुठे होता, साहेब काय म्हणाले, सगळं सांगा. पुन्हा अर्धा तास बसायचं. अगदी खरं वाटेल."

"म्हणजे मी सांगेन तो डाग तुम्ही माझ्या डोक्यात पाडणार?"

"हो!"

"ते ऊनही खरंच वाटतंय, बाळा. तीच तर तक्रार आहे."

यशोधनने मवाळपणे विचारलं, "राग मानू नका. पण डाग होता कशावरून? घरातल्या गोष्टी वाढत जातात. माझे आजोबा वाघाची गोष्ट सांगायचे, दर वर्षी वाघ हातभर लांब व्हायचा."

हेमांगीबाईंना हसू आलं. पण केंद्राच्या पायऱ्या उतरताना त्या हसण्याखालचा काटा बोचू लागला. मुकुंदराव गोष्टी रंगवायचे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि साक्षीला आपल्या डोळ्यांखेरीज होतं कोण? डोळे तर फितूर झालेले.

घरी येऊन त्यांनी पेन्शन फोगेलला सरळ फोन लावला. पलीकडे मार्टा नावाची बाई होती. तिने आठ वर्षांपूर्वी जुन्या मालकिणीच्या वारसांकडून ते हॉटेल घेतलं होतं. फोनमधला दुभाषी तिचं जर्मन मराठीत आणून देत होता, पाठ्यपुस्तकातल्यासारखं.

"आतल्या बोळाकडची खोली?" मार्टा म्हणाली. "आदरणीय बाई, ती खोली कुणी मागत नाही. पूर्ववास करून चुकून कुणी खरंच आलं, तर ऊन कुठे आहे म्हणून भांडतं."

हेमांगीबाई सावरून बसल्या. "म्हणजे ऊन येत नाही."

"कधीच आलं नाही. म्हणून तर आता खिडकीत सूर्यपट्टी बसवतोय. हुबेहूब उन्हासारखा प्रकाश, सकाळी आपोआप लागतो. पुढच्या महिन्यात काम सुरू. लोकांनी जे पाहिलंय ते त्यांना मिळायला नको का?"

"खिडकीच्या आतली लाकडी फळी? ती तीच आहे?"

"फळी जुनीच. तीही तासून रंगवायची आहे. तिच्यावर काही आहे का? थांबा, मी वर जाऊन बघते, फोनवर दाखवते. म्हणजे तुम्हाला एवढ्या लांब यायला नको."

"नको!" हेमांगीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की आतल्या खोलीतून सानिका धावत आली. "बघू नका. मला दाखवू नका. काम तेवढं थांबवा. मी येते."

दुभाषी क्षणभर घुटमळला. मग मार्टाचा आवाज आला. "सुतार पुढच्या महिन्यातच येणार आहे. तोवर खोली तुमची. पण माझ्याकडे येणारे बहुतेक पाहुणे हल्ली चकत्यांतूनच येतात. तुम्ही खरंच याल?"

"पायांनी येईन," हेमांगीबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर सानिकाने तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही. वय काय, गुडघे काय, सत्तरीपुढे प्रत्यक्ष प्रवासाला एकही विमा कंपनी उभी राहत नाही, तिकडे पडलीस तर कोण उचलणार? आणि हे सगळं कशासाठी, तर डागासाठी!

"ती बाई दाखवत होती ना फोनवर? का नाही बघितलंस?"

"पडद्यावर बघितलेलं आता मला पुरत नाही. जे दिसेल ते पुन्हा त्या ओल्या सिमेंटवरच उमटायचं. मला हात लावून बघायचाय."

"आणि डाग नसला तर?"

"तर नाही म्हणून कळेल. तेही माझं मला कळेल."

"आई, बाबा गेलेत. डाग सापडला म्हणून ते परत येणार आहेत का?"

"ते गेले ते मला ठाऊक आहे गं." हेमांगीबाईंचा आवाज चढला नाही. "मला भांडणारे, किटलीत पिठलं शिजवणारे मुकुंदराव हवेत. तो उन्हात बसून मुकाट कॉफी पिणारा माणूस कोण? असले नवरे जाहिरातीत असतात. अशा माणसाबरोबर मी एक दिवस काढला नसता."

सानिकाला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. ती आईशेजारी बसली.

"तुला तारकर्ली आठवते? मी आठवीत होते. तू पेपर तपासायला अडकलीस म्हणून मी आणि बाबा दोघंच गेलो."

"हो. काळी ठिक्कर होऊन आलात."

"बाबांनी मला तिथे पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरून." सानिका हातातल्या चकत्यांच्या डबीशी चाळा करत होती. "मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर जायचं म्हणून मी तारकर्लीचा पूर्ववास केला. आम्ही गेलो नाहीच. त्यात बाबा होते. आता मला बाबांचा तो हात आठवतो ना, तर पाणी स्वच्छ निळं असतं. जाहिरातीतल्यासारखं. आई, त्यांनी मला शिकवलं होतं ना?"

हेमांगीबाईंनी मुलीकडे पाहिलं. त्या तिथे नव्हत्या. हो म्हणणं फार सोपं होतं; पण तेही मोफत दुरुस्तीसारखंच झालं असतं.

"मला माहीत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "कपाटातून बाबांचा दोरा काढ. आणि तो नकाशा छापून आण."

तो आठवडा दोघी जेवणाच्या टेबलावर ओणव्या होत्या. जुन्या स्टेशनाची जागा बदलली होती, दोन गल्ल्यांमध्ये आता वाहनं जात नव्हती, मधे एक नवा पूल झाला होता. सानिका फोनवर पटकन अंतर काढू पाही, तर हेमांगीबाई तिचा फोन पालथा घालत. "दोऱ्याने मोज. वळण कुठे आहे ते बोटांना कळू दे." कुठे बाक आहे, कुठे बसून गुडघ्याला आराम देता येईल, चढ कोणत्या बाजूने कमी, लिफ्ट बंद असली तर किती जिने, हे सगळं त्यांनी मार्टाला विचारून घेतलं. आपल्या जबाबदारीवर जात आहोत असं विमानवाल्यांना लिहून दिलं. पिशवीत डाळीचं पीठ भरताना सानिकाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"किटली नेतेयस की काय?"

"नाही. या वेळी मार्टाच्या स्वयंपाकघरात करीन. माणूस शिकतो."

व्हिएन्नामध्ये स्टेशनापासून दोघी चालत गेल्या. वाटेत दोनदा बाकावर बसल्या. रस्त्यांवर माणसं तुरळक होती. चौकातल्या मोठ्या हॉटेलांच्या खिडक्या बंद होत्या. आत खोल्या राहिल्याच नव्हत्या, नुसती पूर्ववासाची यंत्रं होती, असं मार्टाने नंतर सांगितलं. पेन्शन फोगेलच्या दारात ती स्वतः उभी होती. तिने हेमांगीबाईंचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला, खरा आहे की नाही ते चाचपल्यासारखा.

"मी वर गेले नाही," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात म्हणून. पण राहवत नव्हतं."

तिसरा मजला. दार उघडलं तर बाहेर लख्ख सकाळ असून आत काळोख. हेमांगीबाई उंबऱ्यातच थांबल्या. चकत्यांतल्या खोलीला नसलेला एक वास इथे होता, जुन्या लाकडाचा आणि ओलसर भिंतीचा. त्यांनी दिवा लावायला सांगितलं.

खिडकीसमोर भिंत होती. खाली फळी होती. आणि फळीच्या डाव्या कोपऱ्यात, लाकडाच्या रेघांमध्ये मुरलेला, तळहाताएवढा मळकट पिवळा डाग होता.

"आई!" सानिका ओरडली.

"थांब. पिवळं काहीही असू शकतं. चहा असेल, वार्निश असेल." हेमांगीबाईंचा श्वास लागला होता. "साबण आण. ओला करून."

सानिकाने बाथरूममधून साबणाची वडी आणली. हेमांगीबाईंनी ती डागावर फिरवली, बोटाने चोळली, आणि हात मागे घेतला. काही झालं नाही. मार्टा दाराशी निश्चल उभी होती. मग रेघांच्या खोबणींतून आधी विटकरी, मग गडद, आणि मग चांगला लाल रंग वर आला, जुन्या देव्हाऱ्यातल्या कुंकवासारखा.

मार्टाच्या तोंडून बारीकशी किंकाळी निघाली.

ती किंकाळी ऐकली आणि हेमांगीबाई तिथल्या तिथे पलंगावर बसल्या. कारण तिच्यामागून दुसरी किंकाळी आली होती, अडतीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्यामागून सगळंच: मालकीणबाईंचा निळा फडका, पिठल्याचा करपट वास, गालावर साबण असलेला माणूस, आणि तोंडावर हात दाबून, हसू आवरत, दाराआड लपलेले मुकुंदराव. बाहीवर पिठल्याचे शिंतोडे. शर्ट चौकड्यांचा नव्हताच. साधा, बदामी होता.

त्या हसत होत्या की रडत होत्या ते सानिकाला कळेना. ती आईच्या पायांशी जमिनीवर बसली. मार्टाने सुताराला फोन केला. दुभाषी बंद होता, पण तिचा स्वर कळत होता. ती त्याला ठामपणे येऊ नको म्हणून सांगत होती.

"तुझं बरं झालं, आई," सानिका हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या खोलीत हळद सांडली होती. जगात एवढ्या लोकांनी चकत्या लावल्यात. त्यांचं काय सांडलं होतं, कोण शोधणार? माझं तर सगळं समुद्रात झालं. पाण्यावर कुठे डाग राहतो?"

हेमांगीबाईंनी डोळे पुसले. फळीवरचा लाल रंग वाळून पुन्हा पिवळा होऊ लागला होता. मुलीचा हात धरून त्या उठल्या, गुडघा कुरकुरला तरी उठल्या, आणि पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून त्यांनी तिच्या हातात ठेवलं.

"समुद्रात झोपला नव्हतात ना? कुणाच्या तरी घरी उतरला असाल, जेवला असाल. तुझ्या बाबांनी जिथे मुक्काम केला तिथे काही सांडलं, फोडलं, जाळलं नाही, असं कधी झालेलं मला आठवत नाही. नीट आठव सानिका, तारकर्लीला काय सांडलं होतं?"